चुकलेल्या बेरजांचं दप्तर

पहिलीतल्या मुलाला विचारा, ३ आणि ५ मिळून किती? थोडा विचार करून ते ‘आठ’ म्हणेल. आता दुसऱ्या एखाद्या मुलाला हेच गणित ५ आणि ३ असं उलटं घाला. उत्तर तर तेच येतंच, पण लागणारा वेळही जवळपास तेवढाच असतो. यात नवल आहे. मूल पहिल्या आकड्यापासून पुढे मोजत असेल, तर तिनानंतर पाच बोटं मोजायला जास्त वेळ लागायला हवा आणि पाचानंतर तीन बोटं मोजायला कमी. तसं होत नाही, कारण बहुतेक मुलं मोठा आकडा मनात धरतात आणि लहान आकड्याइतकंच पुढे मोजतात. ही युक्ती त्यांना कोणी शिकवलेली नसते. वेळ ठरतो तो लहान आकड्यावरून. त्या मोजणीतल्या एकेका पायरीला पहिलीतल्या मुलाला सुमारे ०.४ सेकंद लागतो. ४ आणि ४ अशा जोडीच्या बेरजा मात्र मुलं झटकन सांगतात. त्या मोजाव्या लागत नाहीत, आठवतात.

बाजूला बसून मुलाकडे बघणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्यासाठी प्रत्येक उत्तर आणि त्याला लागलेला वेळ नोंदवून ठेवावा लागतो. १९६७ साली गाय ग्रोएन आणि पॅट्रिक सुपेस यांनी पहिलीतल्या मुलांच्या अशा नोंदी मोजणीच्या वेगवेगळ्या प्रारूपांशी ताडून पाहिल्या. पुढे १९७२ मध्ये ग्रोएन आणि जॉन पार्कमन यांनी हे काम आणखी नेमकं केलं. यातले सुपेस शिक्षकही नव्हते आणि संगणक अभियंताही नव्हते. ते अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. त्यांची कागदपत्रं आज त्याच विद्यापीठाच्या अभिलेखागारात जतन केलेली आहेत आणि त्यांचे शोधनिबंध विद्यापीठानं इंटरनेटवर मोफत वाचायला ठेवले आहेत. जिथे एकेक गुरुजी दोन-दोन वर्ग सांभाळतात, त्या रत्नागिरी जिल्ह्यात बसून या दप्तराचा विचार करायला सबळ कारण आहे.

तत्त्वज्ञ वर्गात कसा आला?

सुपेस यांचा जन्म १९२२ साली ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा इथला. दुसऱ्या महायुद्धात ते लष्कराच्या हवामान विभागात होते. १९५० मध्ये कोलंबिया विद्यापीठात तत्त्वज्ञ अर्नेस्ट नेगल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली, त्याच वर्षी ते स्टॅनफर्डला आले आणि २०१४ मध्ये निधन होईपर्यंत तिथेच काम करत राहिले. एखादी गोष्ट ‘मोजली’ असं आपण केव्हा म्हणू शकतो, हा त्यांचा मूळ प्रश्न. लांबी मोजता येते, वजन मोजता येतं. मग आवड मोजता येते का? शिकणं मोजता येतं का?

शाळेकडे त्यांना वळवलं ते घरानंच. १९५६ मध्ये थोरली मुलगी बालवर्गात जाऊ लागली आणि लहान मुलं गणित नेमकी कशी शिकतात, याचं कुतूहल बापाला लागलं. १९६३ मध्ये मानसशास्त्रज्ञ रिचर्ड अ‍ॅटकिन्सन यांच्यासोबत त्यांनी संगणकाच्या मदतीनं शिकवण्याचं संशोधन सुरू केलं. तेव्हा एक संगणक म्हणजे एक खोली व्यापणारं यंत्र होतं.

१९६५ च्या वसंतात कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनो इथल्या ग्रँट शाळेत चौथीच्या ४१ मुलांवर पहिला मोठा प्रयोग झाला. वर्गात एक टेलिटाइप यंत्र बसवलं, म्हणजे तारेनं चालणारा टंकलेखक. टेलिफोनच्या तारेनं ते काही किलोमीटरवरच्या स्टॅनफर्डच्या संगणकाला जोडलं. मूल येऊन आपलं नाव टंकायचं. यंत्र कागदावर एक गणित छापायचं आणि थांबायचं. उत्तर चुकलं, की ‘नाही, पुन्हा प्रयत्न कर’. ठरलेल्या सेकंदांत उत्तर आलं नाही, की ‘वेळ संपली’. पुन्हा चुकलं, तर यंत्र बरोबर उत्तर छापून तेच गणित पुन्हा विचारायचं. रोजचा सराव काही मिनिटांचाच असे.

या प्रयोगाची खरी कमाई पडद्याआड होती. एकेका घटकाची गणितं पाच पातळ्यांवर लिहिलेली होती. आज चांगली सोडवली, तर उद्या वरची पातळी आणि अडखळलं, तर खालची. एकाच बाकावरच्या दोन मुलांना एकाच दिवशी वेगवेगळी गणितं मिळत. दिवसाच्या शेवटी कोणत्या मुलानं काय उत्तर दिलं, याची नोंद शिक्षकांसाठी तयार असे. १९६६ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात सुपेस यांनी मोठं भाकीत केलं होतं: अलेक्झांडर राजपुत्र होता म्हणून त्याला अ‍ॅरिस्टॉटलसारखा खासगी गुरू मिळाला, पुढे तसा गुरू लाखो सामान्य मुलांना मिळेल.

गणित अवघड का वाटतं?

नोंदी साठत गेल्या तसे नवे प्रश्न विचारता येऊ लागले. ५ + ३ = ? हे सोपं आणि ५ + ? = ८ हे अवघड, हे कोणताही शिक्षक सांगेल. पण किती अवघड, आणि का? सुपेस यांच्या गटानं प्रत्येक गणिताचे टप्पे मोजले. आकडे उलटसुलट मांडावे लागतात का, किती क्रिया करायच्या आणि मधलं उत्तर लक्षात ठेवावं लागतं का, एवढ्यावरून कोणत्या गणितात किती मुलं चुकतील याचा अंदाज बांधता येऊ लागला.

शाब्दिक उदाहरणांवर त्यांच्यासोबत काम केलं ते एलिझाबेथ लॉफ्टस या विद्यार्थिनीनं. साक्षीदाराची स्मृती किती सहज बदलते, या संशोधनासाठी पुढे त्या जगप्रसिद्ध झाल्या. या कामातून दिसलं, की उदाहरणाचा अवघडपणा आकड्यांवर थोडाच अवलंबून असतो. वाक्य लांब आणि गुंतागुंतीचं असलं, एकक बदलावं लागलं किंवा आधीचं उदाहरण वेगळ्या प्रकारचं असलं, की मुलं जास्त चुकतात. म्हणजे बेरीज येणारं मूल मीटरचे सेंटिमीटर करताना अडतं आणि आपण म्हणतो, याला गणितच येत नाही.

परिणामांतही एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी होती. १९६७ च्या सुमारास हा सराव दक्षिणेकडच्या मिसिसिपी राज्यात मॅककोंब इथल्या शाळांतही नेला गेला. कॅलिफोर्नियात यश संमिश्र होतं. मिसिसिपीत मात्र पहिली ते सहावी या सहाही इयत्तांत यंत्रावर सराव करणारी मुलं पुढे गेली. जिथे एरवीची साधनं कमी, तिथे फायदा जास्त, असं त्यातून दिसलं.

टीकाही झाली आणि ती रास्त होती. सेमूर पेपर्ट यांनी १९८० मध्ये आक्षेप घेतला, की अशा सरावात संगणकच मुलाला चालवतो, तर मुलानं संगणक चालवायला हवा. पाठांतराला यंत्र जोडलं म्हणून त्याचं शिक्षण होत नाही, हे खरंच आहे. तरी एका बाबतीत सुपेस यांचं काम टीकेला पुरून उरलं. त्यांनी मुलांच्या चुका फेकून दिल्या नाहीत.

त्याचा दाखला मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वातून मिळतो. १९७० च्या दशकात सुपेस यांच्या संस्थेनं तिथल्या खेड्यांतल्या शाळांसाठी आकाशवाणीवरून गणित शिकवलं. संगणक नव्हता, तारा नव्हत्या. रेडिओ प्रश्न विचारायचा, मुलं उत्तर द्यायची. तिथल्या सुमारे १,३०० मुलांच्या वजाबाकीच्या उत्तरांचा पुढे जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी अभ्यास केला. ५२ मधून ३८ वजा केल्यावर एखादं मूल २६ लिहितं. आपण त्यावर लाल फुली मारतो. पण त्यानं एककस्थानी लहान आकडा मोठ्यातून वजा केला, ८ मधून २, आणि दशकस्थानी ५ मधून ३. हातचा घ्यायचा टाळला, एवढंच. ६१ वजा २७ दिलं, तर तेच मूल ४६ लिहील. चूक आहे, पण तिला नियम आहे आणि तो नियम कळला, की नेमकं काय शिकवायचं तेही कळतं. १९७८ साली प्रसिद्ध झालेलं हे काम आजच्या शिकवणाऱ्या संगणकप्रणालींच्या पायाशी आहे. निकाराग्वातल्या मुलांचे ते चुकलेले कागद रद्दीत गेले असते, तर त्यांचा हा उपयोग झाला नसता.

आपल्याकडचे संगणक

भारतात शाळांमध्ये संगणक आणण्याचा पहिला मोठा सरकारी प्रयत्न १९८४ चा. ‘क्लास’ नावाच्या या प्रकल्पात सुमारे अडीचशे शाळांपासून सुरुवात झाली आणि ब्रिटनचे बीबीसी मायक्रो संगणक दिले गेले. १९९९ मध्ये सुगत मित्रा यांनी दिल्लीच्या कालकाजी भागात भिंतीत संगणक बसवला आणि वस्तीतल्या मुलांना मोकळा सोडला. पुढच्या काही वर्षांत हा प्रयोग कोकणात, सिंधुदुर्गातल्या गावांतही झाला. १ मे १९८१ पर्यंत हा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यातच होता. कोणी न शिकवता मुलं संगणक हाताळायला शिकतात, हे तिथेही दिसलं. सुपेस यांची वाट याच्या अगदी उलटी होती. तिथे पुढचं पाऊल कोणतं हे आधी आखलेलं, इथे आखणीच नाही.

कोणती वाट बरी, याचं उत्तर आपल्याच देशातल्या मोजमापांत बऱ्यापैकी मिळतं. २००० साली गुजरात सरकारनं बडोद्याच्या १०० पालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. त्यातले बरेचसे पडून होते. ‘प्रथम’ या संस्थेनं त्यांवर चौथीच्या मुलांसाठी आठवड्याला दोन तास गणिताचे खेळ सुरू केले, एका संगणकापुढे दोन मुलं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दुसऱ्या वर्षाअखेर गणितातली वाढ ०.४७ प्रमाण विचलनाइतकी निघाली. शिक्षणातल्या प्रयोगांत एवढी वाढ मोठी मानतात. दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या प्रणालीवरचा अभ्यास २०१९ मध्ये आला. मुलाची इयत्ता कोणतीही असो, ही प्रणाली त्याला जिथे तो आहे तिथूनच शिकवते. साडेचार महिन्यांत गणितातली वाढ ०.३७ प्रमाण विचलनाइतकी होती. क्युपर्टिनोतल्या पाच पातळ्यांचंच हे पुढचं रूप.

म्हणजे संगणक आला म्हणून मुलं शिकत नाहीत. तो मुलाची चूक ओळखून पुढचं गणित निवडू लागला, की शिकतात.

द्विशिक्षकी शाळेचा प्रश्न

हा विषय रत्नागिरीला अगदी जवळचा आहे. डोंगरउतारावरच्या वाड्यांमधल्या जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत पट जेमतेम आणि शिक्षक दोन. पहिली आणि दुसरी एका खोलीत, तिसरी आणि चौथी दुसऱ्या. बहुवर्ग अध्यापनाचं प्रशिक्षण होतं, टाचणवहीत दोन इयत्तांचे रकाने पडतात, पण गुरुजी तिसरीला भागाकार शिकवताना चौथीतलं मूल काय करतं, हा प्रश्न सुटत नाही. प्रत्येकाला त्याच्या पायरीवरचं काम देणं ही सुपेस यांची साठ वर्षांपूर्वीची अडचण होती. इथे ती रोज सकाळी घंटेबरोबर सुरू होते.

शाळेत दूरदर्शन संच आले, टॅब आले, पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांच्या अशा कामाची दखल २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कारानं घेतली. पण क्यूआर कोड सगळ्यांना एकच चित्रफीत दाखवतो. कोण कुठे अडलं, हे त्याला कळत नाही. ते कळतं शिक्षकाला. वीस मुलांच्या शाळेतल्या शिक्षकाकडे अशी माहिती असते, जी कोणत्याही कंपनीच्या प्रणालीकडे नाही. मालवणी, संगमेश्वरी किंवा बाणकोटी बोलत वाढलेलं मूल शाब्दिक उदाहरणातल्या कोणत्या वाक्यापाशी थबकतं, हे त्याला रोज दिसतं.

ही माहिती वर्षाअखेर नाहीशी होते. जुना संगणक निर्लेखनात जातो, जडवस्तू नोंदवहीत त्याच्यापुढे शेरा पडतो आणि त्यावर मुलं काय शिकली, याचा एक कागदही राहत नाही. उरलेल्याचं काम कोकणातला पावसाळा करतो. जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळात दापोली आणि मंडणगडमधल्या अनेक शाळांची छपरं उडाली. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या १८६४ पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातले ग्रंथ भिजले. कागद टिकवणं इथे कष्टाचं आहे. म्हणून ते काम योजून करायला हवं.

डॉक्टर केसपेपर न पाहता औषध देत नाही. शाळेत मात्र आपण उलट करतो, दर जूनमध्ये नव्यानं सुरुवात.

यासाठी स्टॅनफर्डची इमारत लागत नाही. प्रत्येक शाळेनं वर्षाला गणिताचा एकच घटक निवडावा, समजा हातच्याची वजाबाकी. मुलांनी लिहिलेली चुकीची उत्तरं जशीच्या तशी उतरवावीत: गणित, उत्तर, इयत्ता, तारीख. मुलाचं नाव नको, क्रमांकही नको. केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत या वह्या एकत्र वाचाव्यात. त्यांची छायाचित्रं काढून एक प्रत जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे आणि एक जवळच्या ग्रंथालयात ठेवावी. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासून चालत आलं आहे, अशा संस्थेला हे काम परकं वाटू नये. उद्या मराठीतून शिकवणारी एखादी प्रणाली बनवायला कोणी बसेल, तेव्हा त्याला हीच उत्तरं लागतील आणि ती परदेशातून आणता येणार नाहीत.

शिक्षक वाचकांना एवढीच विनंती: या सत्राअखेर तपासलेल्या चाचणीचे पेपर रद्दीत घालण्याआधी त्यातली चुकलेली उत्तरं एका वहीत उतरवून ठेवा.