गोनेसचा राक्षस आणि लाडबोरीचे कडे

थंडीच्या दिवसांत विदर्भातल्या वर्तमानपत्रांत मधूनच एक लहानशी सूचना येते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद येथील केंद्रातून मोठाले फुगे आकाशात सोडले जाणार आहेत; त्यांना टांगलेली उपकरणे रंगीत हवाई छत्र्यांनी खाली उतरतील; आपल्या शेतशिवारात ती आढळल्यास उघडू नयेत, हलवू नयेत, पोलिसांना किंवा पेटीवरच्या पत्त्यावर कळवावे; कळवणाराला बक्षीस मिळेल. खाली जिल्ह्यांची यादी असते. बहुतेक वाचक तीवरून नजर फिरवून सोन्याच्या भावाकडे वळतात. मी ती दोनदा वाचतो, कारण या सूचनेचे कुलवृत्त मला ठाऊक आहे. तिचा मूळ पुरुष पॅरिसमध्ये १७८३ साली छापला गेला.

त्या साली आपल्या नागपुरात मुधोजी भोसल्यांचा अंमल होता. तिकडे फ्रान्समध्ये आनोने गावच्या माँगोल्फिए बंधूंनी (घराण्याचा धंदा कागदाचा) ४ जूनला कापडाचा व कागदाचा एक प्रचंड गोळा गवत आणि लोकर जाळून फुगवला व आकाशात सोडला. धुरातच काही उचलून नेणारे द्रव्य असते अशी त्यांची समजूत होती. खरे कारण इतकेच की, हवा तापली म्हणजे विरळ होते, आणि विरळ झाली म्हणजे हलकी होते. आकाशकंदिलात पणती ठेवत त्या काळी कंदिलाच्या वरच्या तोंडावर ज्याने तळहात धरून ऊब घेतली असेल, त्याला हे निराळे शिकवायला नको.

ही वार्ता पॅरिसला पोहोचली आणि शहराला एकच ध्यास लागला. लोकांनी वर्गणी काढली. झाक शार्ल नावाच्या पदार्थविज्ञानाच्या व्यासंगी गृहस्थाने रोबेर बंधूंच्या साहाय्याने, रबराचे रोगण चढवलेल्या रेशमाचा सुमारे चार मीटर व्यासाचा फुगा केला. यात गरम हवा नव्हती, हायड्रोजन होता. लोखंडाच्या किसावर गंधकाम्ल ओतून तो वायू काढायचा. फुगा भरायला चार दिवस लागले! मग मशालींच्या उजेडात, पहाऱ्यात, रात्रीच त्याची मिरवणूक शां द मार्सच्या मैदानाकडे निघाली. वाटेतले गाडीवान हे चालते नवल पाहून इतके दिपले की, गाड्या थांबवून, टोप्या काढून त्यांनी गुडघे टेकले, असे समकालीन वृत्तान्तात नमूद आहे. २७ ऑगस्टला संध्याकाळी पाच वाजता तोफ झाली, फुगा सुटला आणि पाहता पाहता ढगात शिरला. धो धो पाऊस पडत होता, पण उंची पोशाखातल्या स्त्रियाही जागच्या हलल्या नाहीत म्हणतात. अमेरिकेचे वकील बेंजामिन फ्रँकलिन गर्दीत होते.

फुगा काठोकाठ भरला होता. वर हवा विरळ. तिथे आतला वायू फुगला आणि रेशीम फाटले. पाऊण तासाने तो पॅरिसच्या उत्तरेला गोनेस नावाच्या खेड्याच्या शिवारात येऊन पडला.

आता त्या शेतकऱ्याच्या जागी उभे राहून पाहा. संध्याकाळची वेळ, पावसाळी आभाळ. ढगातून एक काळसर, गोलसर काहीतरी उतरते, जमिनीवर आपटते, पुन्हा उसळते. वाऱ्याने त्याचे अंग हलते. जणू श्वास चालू आहे. जवळ जावे तर फाटक्या अंगातून उग्र दर्प येतो. (शुद्ध हायड्रोजनला वास नसतो, पण लोखंड आणि आम्ल यांपासून घाईने काढलेल्या वायूला तो असायचाच.) लोक दाताळी, सुऱ्या, काठ्या घेऊन धावले. भोसकले, फाडले, आणि अखेर घोड्याच्या शेपटीला बांधून शेतातून फरफटत नेले.

पॅरिसला हे कळले तेव्हा हसू आवरेना. गोनेसच्या घबराटीची चित्रे छापून विकली गेली. दोनशे चाळीस वर्षे झाली, ते हसणे अजून संपलेले नाही. बलूनच्या इतिहासावरचे कुठलेही पुस्तक उघडा, अडाणी खेडुतांचा हा किस्सा चटणीसारखा तोंडी लावलेला असतो.

मीही एकदा वर्गात, नवल आणि भय या रसांविषयी बोलताना, तो सांगितला. वर्ग हसला. सिंदेवाहीकडची एक मुलगी तेवढी हसली नाही. तिने विचारले, "सर, फुगा येणार हे त्यांना आधी कुणी सांगितलं होतं का?"

नव्हते. पॅरिसमध्ये तिकिटे होती, वर्गणीदारांची यादी होती, तोफेचा इशारा होता. ज्या दिशेला वारा वाहत होता तिकडच्या एकाही गावाला निरोप नव्हता. शहरातल्या गाडीवानांनी गुडघे टेकले ते नवल ठरले, खेड्यातल्यांनी दाताळे उचलले ते अडाणीपण ठरले! मला यात न्याय दिसत नाही. आपल्याकडे हा गोळा पडता तर लोकांनी कदाचित नारळ फोडला असता; पण तुकोबांना न्यायला आलेल्या विमानाची कथा ऐकत ते वाढलेले होते. आकाशातून काही उतरू शकते, हे त्यांच्या कानी आधीच घातलेले होते. गोनेसकरांना तेवढाही आधार नसावा.

सरकारला मात्र चूक उमगली. सप्टेंबरच्या आरंभी जनतेसाठी एक जाहीर सूचना निघाली. आकाशात काळवंडलेल्या चंद्रासारखे काही दिसले तर घाबरू नका. ते कापडाचे यंत्र आहे, त्यापासून अपाय होत नाही, आणि पुढेमागे समाजाला त्याचा उपयोग होईल, असा तिचा आशय. त्यानंतर घटना भराभर घडल्या. १९ सप्टेंबरला व्हर्सायला राजासमोर मेंढी, बदक आणि कोंबडा वर गेले. २१ नोव्हेंबरला पिलात्र द रोझिए आणि मार्की दार्लांद ही पहिली माणसे पंचवीस मिनिटे पॅरिसवरून तरंगली. राजाचा पहिला विचार या कामी फाशीचे कैदी धाडण्याचा होता.

आता हैदराबादचे फुगे पॉलिथीनच्या पातळ पापुद्र्याचे असतात. व्यास पन्नास मीटरांहून अधिक, उंची तीस ते चाळीस किलोमीटर. तिथली हवा भांड्यात भरून आणून शास्त्रज्ञांनी तीत जिवाणूंच्या तीन नव्या जाती शोधल्या, त्यांतल्या एकीला आर्यभटाचे नाव दिले. हे २००९ साली जाहीर झाले. पेटी खेडुताने उघडली तर असले सारे कष्ट फुकट जातात, म्हणून ती सूचना. माणूस शेतात एकटा असतो हे तिला ठाऊक असते, म्हणून ती मला आवडते.

पण आकाशातून येणारी प्रत्येक वस्तू सूचना देऊन येत नाही. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. रात्री आठच्या सुमारास नागपूरच्या आकाशातून जळत्या निखाऱ्यांची एक माळ सरकत गेली. गच्च्यांवर एकच कालवा! कोणी उल्का म्हणाले, कोणी विमान, आमच्या शेजारच्या निवृत्त साहेबांनी क्षेपणास्त्राचा निर्वाळा देऊन टाकला. त्याच वेळी चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावी, सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. चीनने २०२१ मध्ये सोडलेल्या अग्निबाणाचा तो अवशेष, असे पुढे जाणकारांचे मत पडले.

लाडबोरीला आधी कोणी काही कळवलेले नव्हते. मोहफुलांचे दिवस, त्या मुलखात माणसे पहाटेच रानात असतात. कड्याला कोणी दाताळे लावले नाही. गावकऱ्यांनी पोलिसांना बोलावले आणि ते सिंदेवाहीच्या ठाण्यात गेले. पुढच्या काही दिवसांत पवनपार आणि आसपासच्या शिवारांतून टाकीसारखे गोळे सापडत राहिले. तेही ठाण्यात जमा झाले.