सूची नव्हे, मथळे

प्रकल्पाची रीडमी फाइल लांबत गेली की बहुतेक जण वर अनुक्रमणिका चिकटवून मोकळे होतात. कल्पना जुनीच: रोमन लेखक थोरल्या प्लिनीने इसवी सनाच्या पहिल्या शतकात आपल्या 37 खंडी ज्ञानकोशाचा पहिला खंड जवळजवळ विषयसूचीलाच दिला, भावी रोमन सम्राट टायटसला सगळे वाचावे लागू नये म्हणून. पण खरे काम मथळे करतात. गिटहबवर त्या त्या भागाचा दुवा मथळ्याच्या शब्दांवरूनच आपोआप बनतो. मथळा ‘इतर माहिती’ असेल तर सूची कितीही देखणी असो, उपयोग शून्य. आणि तो बदलला की जुने दुवे मुकाट्याने तुटतात. पान उघडते, वाचक मात्र माथ्यावरच अडकतो.

‘कंट्रोल-एफ असताना हे कशाला?’ हा आक्षेप अर्धाच खरा. शोधायला नेमका शब्द ठाऊक असावा लागतो. नवख्याकडे असते ती फक्त अडचण. म्हणून ‘कॉन्फिगरेशन’पेक्षा ‘पोर्ट कसा बदलायचा’ बरे. फाइलचे तुकडे करावेत, असेही सुचवले जाते. करावेत, पण मग पानातल्या एका शोधात सगळे सापडत नाही, आणि वाईट मथळे तुकड्यांतही वाईटच राहतात. मथळा बदलावाच लागला, तर जुन्या नावाचा एचटीएमएल अँकर त्याच जागी ठेवावा.