गच्चीवरचे चिपाड आणि आपल्या रानातले पाचट



आपल्यापैकी पुष्कळांची मुले नोकरीपायी उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकडे राहिली आहेत. गावी आली की म्हणतात, "भाजी घरची खावीशी वाटते, पण जागा कुठाय?" खोटे नाही. उल्हासनगर अवघे १३ चौरस किलोमीटरचे आणि २०११ च्या जनगणनेत वस्ती ५ लाखांवर! उरते ती इमारतीची सामाईक गच्ची.

गच्चीवर माती चढवावी तर वजन फार, भिजली की आणखी. त्यावर वांद्र्याच्या डॉ. आर. टी. डोशी यांनी तोड काढली ती आपल्या उसातूनच. रसवंतीचे चिपाड आणून पिशव्या, पिंपे भरायची, वर कंपोस्ट व थोडी माती. चिपाड हलके, ओल धरते आणि कुजेल तसे खत होते. खाली बसले की पुन्हा भर घालायची. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांच्या प्रयोग परिवारानेही पालापाचोळ्यातून माती घडवायला शिकवले. तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये प्रीती पाटील यांनी २००२ पासून कर्मचाऱ्यांना सोबत घेऊन स्वयंपाकघराच्या गच्चीवर बाग केली. तिथला ओला कचरा तिथेच जिरू लागला.

मुलांना एक मात्र बजावून सांगा. अंबरनाथचे जुने शिवमंदिर जिच्या काठी आहे, त्या वालधुनीचे पाणी भाजीला नको. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात तिच्यात रसायन ओतल्याने वायू पसरला व शेकडो माणसे दवाखान्यात गेली. त्यापेक्षा डाळ-तांदूळ धुतलेले पाणी घालावे.

आता आपल्या रानात या. शहरातला माणूस चिपाड चार जिने वर चढवतो आणि आपण तोड संपली की पाचटाला काडी लावतो! मला हे पटत नाही, स्पष्टच लिहितो. एकरी ३ ते ४ टन पाचट निघते. जाळले की त्यातला सेंद्रिय कर्ब आणि नत्र धुरावाटे गेलेच. "पाचट ठेवलं की पाणी पुढं सरकत नाय साहेब," ही तक्रार खरी आहे. लांब सरी असेल तर एकाआड एक सरीत पाचट दाबावे, मोकळ्या सरीने पाणी द्यावे. बुडखे जमिनीलगत छाटावेत. दर टन पाचटास ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकावेत. युरिया चुकवू नका. कुजताना जिवाणू जमिनीतला नत्र ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो. गच्चीवर नुसत्या चिपाडात लावलेले रोपही याच कारणाने पिवळे पडते, म्हणून तिथे कंपोस्ट लागते.

ज्यांना भरवसा नाही त्यांनी यंदा खोडव्याचा निदान अर्धा एकर न जाळता ठेवावा. शेजारच्या जाळलेल्या तुकड्यातले आणि यातले फुटवे दोन महिन्यांनी मोजावेत आणि आकडे गट ऑफिसात आणून द्यावेत. जिवाणू कल्चरची नोंदणीही तिथेच करावी.