परवान्याची माफी, जबाबदारीची नव्हे

महाराष्ट्रातील अनेक शहरांत एके काळी साध्या सायकलीलाही नगरपालिकेचा बिल्ला लागत असे. कर भरल्याची ती खूण सायकलीवर नसली, रात्री दिवा नसला किंवा कोणाला मागे बसवून ‘डबलसीट’ नेले, तर पोलीस अडवीत आणि दंड होई. ती सायकल चालत होती केवळ माणसाच्या पायांच्या बळावर. आज त्याच रस्त्यांवर तिचे विजेवर चालणारे भावंड दाखल झाले आहे. ते अधिक वेगवान आहे, अधिक वजनदार आहे आणि ऊर्जेचा मोठा साठा पोटात बाळगून आहे. पण त्याला ना बिल्ला, ना नोंदणी, ना परवाना, ना विम्याची सक्ती. ही विसंगती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण हे वाहन दिसते सायकलीसारखेच. दिसणे आणि असणे यांतील हा फरक विसरला गेला, की धोक्याला प्रारंभ होतो.

विजेच्या सायकलीचे स्वागत व्हावयास हवे, यात शंका नाही. शाळेत वेळेवर पोहोचण्याची धडपड करणारे शिक्षक, बसच्या रांगेत तिष्ठणारे कारकून, गावाहून तालुक्याच्या महाविद्यालयात जाणारे विद्यार्थी यांना तिचा मोठा आधार आहे. ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी पूर्ण भरावयास अर्ध्या युनिटच्या आसपास वीज पुरते. धूर नाही, कर्कश आवाज नाही आणि चढावर दम लागत नाही. १९९३ साली जपानमधील यामाहा कंपनीने पायडलला विजेची जोड देणारी सायकल बाजारात आणली, तेव्हा मोटारीने माणसाची जागा घ्यावी हा हेतू नव्हता. त्याच्या श्रमांना हातभार लावावा, एवढाच होता. ही मर्यादा पाळली गेली तरच तिचे गुण टिकून राहतात.

सवलतीच्या अटी

भारतीय कायद्याने हीच मर्यादा आखून दिली आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीची शक्ती पाव किलोवॉटपेक्षा, म्हणजे २५० वॉटपेक्षा, कमी असेल आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर असे वाहन ‘मोटार वाहन’ समजले जात नाही. पायडलच्या साह्याने चालणाऱ्या सायकलीची मोटार वेग वाढेल तसतशी मंद होत जाऊन २५ किलोमीटरला बंद पडली पाहिजे. पायडल मारणे थांबले तर त्याआधीच. योग्य ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल परावर्तक असणेही आवश्यक आहे. शिवाय या साऱ्या गोष्टींची खातरजमा अधिकृत चाचणी संस्थेने केलेली असावी लागते. पुण्यातील ‘एआरएआय’ ही अशीच एक संस्था होय.

याचा अर्थ स्पष्ट आहे. सवलत सायकलीच्या नावाला दिलेली नाही. ती तिच्या गुणधर्मांना दिलेली आहे. दुकानदाराकडून किंवा एखाद्या हिकमती मेकॅनिककडून वेगाचे बंधन काढून घेतले, की तीच सायकल कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहन बनते. मग नोंदणी, परवाना आणि विमा या सर्वांची आवश्यकता निर्माण होते. दुर्दैवाने अपघात घडलाच, तर विम्याविना नुकसानभरपाईचा बोजा थेट मालकाच्या संसारावर येऊन पडतो. ‘लायसन्स लागत नाही’ या एका वाक्यावर मुलासाठी वाहन खरेदी करणाऱ्या पालकांनी विक्रेत्याकडे चाचणीचे प्रमाणपत्र आधी मागावे आणि किमतीची घासाघीस नंतर करावी.

वेगाचे गणित

ताशी २५ किलोमीटर हा वेग मोटारसायकलीच्या तुलनेत क्षुल्लक वाटतो. परंतु साधी सायकल गावात साधारणतः ताशी १५ किलोमीटरच्या आसपास चालते. या वेगाने सायकलस्वार एका सेकंदात सुमारे चार मीटर जातो; पंचविसाच्या वेगाने सात मीटर. ब्रेक दाबल्यानंतर थांबावयास लागणारे अंतर तर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ते पावणेतीन पटींच्या घरात जाते. गल्लीतून अकस्मात धावत येणारे मूल किंवा उभ्या रिक्षाचे उघडणारे दार यांच्याशी गाठ पडते, तेव्हा हा हिशेब पाठ्यपुस्तकातला राहत नाही. त्यात विजेची सायकल येते निःशब्द. पादचारी अजूनही कानांनी रस्ता ओलांडतो. त्याला तिची चाहूलच लागत नाही. म्हणून घंटी, पुढचा दिवा आणि डोक्यावर शिरस्त्राण या तीन गोष्टी या सायकलीला शोभेच्या नव्हेत.

साहजिकच देखभालीत पहिला मान ब्रेकचा. वजन अधिक आणि वेगही अधिक असल्याने ब्रेकचे रबर किंवा पॅड साध्या सायकलीपेक्षा लवकर झिजतात. तार सैल पडून हँडलपर्यंत ब्रेकचा दांडा टेकू लागला, तर ती दुरुस्ती दुसऱ्या दिवसावर ढकलू नये. पुष्कळ सायकलींत ब्रेक दाबताच मोटारीचा प्रवाह तोडणारा एक लहानसा स्विच असतो. तो बिघडला तर एकीकडे चालक चाक रोखतो आणि दुसरीकडे मोटार ते ढकलत राहते. मागचे चाक जमिनीपासून उचलून, मोटार सुरू करून आणि ब्रेक दाबून तो तपासता येतो. पावसात रिमवरील ब्रेक ओले होऊन पकड गमावतात. उतार लागण्यापूर्वी ते एकदोनदा हलके दाबून पाणी निपटून घ्यावे. डिस्क ब्रेकवर तेलाचा थेंबही पडता कामा नये. चेनला तेल देताना ही चूक सहज घडते.

मोटार मागच्या चाकाच्या हबमध्ये असेल, तर त्या चाकाच्या तारांवर आणि नटांवर अधिक ताण येतो. सैल तार बोटाने हलवून कळते. ती वेळीच ताणून घेतली नाही तर शेजारच्या तारा एकामागून एक तुटतात. पंक्चर काढण्यासाठी हे चाक सोडवावे लागलेच, तर मोटारीच्या वायरीची जोडणी आधी काळजीपूर्वक वेगळी करावी लागते. रस्त्याकडेच्या प्रत्येक कारागिराला याची कल्पना असेलच असे नाही. म्हणून ती मालकाला असावी. साचलेल्या पाण्यातून सायकल दामटणे किंवा जोरदार फवाऱ्याने ती धुणे हेही टाळावे. ओल्या फडक्याने पुसणे तिला पुरते.

घरात आणलेला विस्तव

या वाहनाचा खरा प्राण आणि खरा धोका बॅटरीत आहे. लिथियम-आयन बॅटरी हे विसाव्या शतकातील एक थोर संशोधन होय. तिच्या जनकांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. थोड्या वजनात पुष्कळ ऊर्जा साठविणे हा तिचा गुण आहे आणि तोच बिघडला तर दोष ठरतो. आघाताने, पाणी शिरल्याने, प्रमाणाबाहेर भारित केल्याने किंवा सदोष बांधणीमुळे आतील एखाद्या सेलमध्ये शॉर्ट सर्किट झाले, तर तो तापतो. त्या उष्णतेने रासायनिक क्रिया वेग घेते, अधिक उष्णता निर्माण होते आणि शेजारचे सेल त्या साखळीत ओढले जातात. बाहेर पडणारा वायू ज्वलनशील आणि विषारी असतो. विझल्यासारखी वाटणारी बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते.

हे भय काल्पनिक नाही. न्यू यॉर्क शहरात २०२३ या एका वर्षात लिथियम-आयन बॅटऱ्यांमुळे २६८ आगी लागल्या आणि १८ माणसे दगावली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून त्या शहराने प्रमाणित नसलेल्या विजेच्या सायकलींच्या विक्रीस मनाई केली. महाराष्ट्रातही २०२२ च्या सप्टेंबरात वसई येथे घरात भारित होत असलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन एका सात वर्षांच्या मुलाचा जीव गेला. त्या वर्षी देशात ठिकठिकाणी स्कूटरींना आगी लागल्यानंतर विजेवरील दुचाकींच्या बॅटऱ्यांसाठी असलेले ‘एआयएस-१५६’ हे मानक कडक करण्यात आले आणि डिसेंबर २०२२ पासून ते टप्प्याटप्प्याने लागू झाले. परंतु जुन्या सायकलीला जोडण्यासाठी सुटी मिळणारी, कोणी बांधली याचा पत्ता नसलेली स्वस्त बॅटरी विकत घेणाऱ्याला अशा कोणत्याही मानकाचा आधार नसतो. तेथे वाचलेले हजार-दोन हजार रुपये फार महाग पडू शकतात.

बॅटरी हाताळण्याचे नियम थोडे आहेत आणि अवघड नाहीत. तिच्याबरोबर आलेलाच चार्जर वापरावा. पिन बसते म्हणून दुसरा जोडू नये, कारण ३६ व्होल्टची बॅटरी ४२ व्होल्टला पूर्ण भरते आणि ४८ व्होल्टचा चार्जर त्याहून पुष्कळ पुढे जातो. अर्थिंग असलेल्या भिंतीवरील प्लगमध्येच तो लावावा. पंखा, इस्त्री आणि चार्जर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर नसावेत. उन्हातून आणलेली बॅटरी निवल्याखेरीज भारित करू नये. या बॅटऱ्या भारित करण्यासाठी ४५ अंश सेल्सियस ही सर्वसाधारण मर्यादा मानली जाते आणि चंद्रपूर-अकोल्याकडे उन्हाळ्यात हवाच तेवढी तापते. गादीवर, पडद्याजवळ किंवा कागदपत्रांच्या ढिगात ती ठेवू नये. सर्व झोपी गेले असताना चार्जिंग चालू ठेवू नये. महत्त्वाची गोष्ट म्हणजे, दारात, जिन्यात किंवा बोळात ती लावू नये; आग लागली तर सुटकेचा मार्गच बंद होतो.

उन्हाळ्याच्या सुटीत सायकल महिनाभर पडून राहणार असेल, तर बॅटरी निम्म्याच्या आसपास भरलेली ठेवावी. अगदी रिकामी किंवा काठोकाठ भरलेली ठेवल्यास तिचे आयुष्य घटते. ती फुगली, विचित्र वास येऊ लागला, कारण नसता तापू लागली किंवा जोरात आपटली, तर तिचा वापर थांबवावा आणि ती घराबाहेर मोकळ्या जागी ठेवून विक्रेत्याला कळवावे. ती फोडून पाहणे किंवा नेहमीच्या कचऱ्यात टाकणे दोन्ही घातक आहे; निकामी बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. धूर निघू लागलाच, तर सामान वाचविण्याच्या मोहात न पडता सर्वांनी बाहेर पडावे, दार ओढून घ्यावे आणि १०१ किंवा ११२ वर कळवावे.

एकट्या मालकाचे काम नव्हे

एवढे सारे एकट्या मालकावर सोपवून इतरांना मोकळे होता येणार नाही. दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाला ‘बॅटरी मोकळ्या जागी भारित करा’ असे सांगणे सोपे आहे. ती मोकळी जागा आणावयाची कोठून? गृहनिर्माण संस्थांनी तळमजल्यावर, जिन्यापासून दूर, स्वतंत्र जोडणीची जागा दिली पाहिजे. शाळा आणि कचेऱ्यांना दिवसाच्या उजेडात, माणसांच्या देखत चार्जिंगची सोय करणे कठीण नाही. विक्रेत्यांनी सूचना मराठीत, ठळक अक्षरांत द्याव्यात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी सायकल दुरुस्ती करणाऱ्यांसाठी अल्प मुदतीचे वर्ग चालवावेत; पंक्चर काढणाऱ्या हातांना मोटारीची आणि बॅटरीची ओळख झाली, तर हजारो घरे निर्धास्त होतील.

तोवर आठवड्यातून दहा मिनिटे पुरेशी आहेत. रविवारी सकाळी टायरमधील हवा, ब्रेकची पकड, चाकाच्या तारा, नट, दिवा, वायरींच्या जोडण्या आणि बॅटरीचा बाह्य आकार यांवरून एकदा नजर फिरवावी. या वाहनाला तपासणी नाका नाही. मालक हाच त्याचा निरीक्षक. त्याने आपले काम चुकविले, तर सरकारदरबारी त्याची नोंद कोठेही होणार नाही. परिणाम मात्र भोगावे लागतील ते रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला, नाहीतर पलीकडच्या खोलीत झोपलेल्या स्वतःच्याच मुलांना.