मोबदला कशाचा द्यावा?

सरकारचीं पुष्कळ कामें सरकारी नोकर स्वतः करीत नाहींत. रस्ते, पूल, मालाची वाहतूक अशीं कामें कंत्राटदारांकडे सोंपविलीं जातात. तीं चांगलीं व्हावींत म्हणून सरकारनें काय करावें, हा प्रश्न जुनाच आहे. इतिहासांतील एका उदाहरणानें त्यावर चांगला प्रकाश पडतो.

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडचें सरकार शिक्षा झालेल्या गुन्हेगारांस ऑस्ट्रेलियांत पाठवीत असे. इ. स. १७९० च्या जानेवारींत 'नेपच्यून', 'सरप्राइज' व 'स्कारबरो' हीं तीन जहाजें सुमारें एक हजार बंदिवान घेऊन निघालीं. जहाजावर चढविलेल्या दर माणसामागें कंत्राटदारास १७ पौंड ७ शिलिंग ६ पेन्स मिळावयाचे होते. मग तो माणूस जिवंत उतरो वा न उतरो! अर्थात् अन्नवस्त्रांत जितकी काटछाट, तितका नफा अधिक. जूनअखेर जहाजें सिडनीस पोहोंचलीं, तोंपर्यंत अडीचशेंहून अधिक बंदिवान दगावले होते. त्यांपैकीं १५८ एकट्या 'नेपच्यून'वरील होते.

पुढें करार बदलले. मोबदल्याचा कांहीं भाग बंदिवान जिवंत उतरल्यावरच मिळूं लागला. ज्याच्या उपासमारींत काल नफा होता, त्याच्या जगण्यांत आज लाभ दिसूं लागला, आणि मृत्यूंची संख्या उतरली.

परंतु गोष्ट येथेंच संपत नाहीं. १७९९ सालीं आलेल्या 'हिल्सबरो' जहाजाच्या करारांतही अशी अट होती; तरी ३०० पैकीं ९५ बंदिवान वाटेंत मेले. जहाजावर तापाची सांथ शिरली होती. पैशाच्या आशेनें इच्छा उत्पन्न होते. परंतु स्वच्छता, ज्ञान व देखरेख हीं निराळींच मिळवावीं लागतात. १८१४ सालीं विल्यम रेडफर्न या डॉक्टरानें, जो स्वतः बंदिवान म्हणूनच तेथें आला होता, अशी शिफारस केली कीं, प्रत्येक जहाजावर नौदलाचा जबाबदार डॉक्टर असावा. १८१५ पासून असे डॉक्टर नेमले जाऊं लागले. ते कंत्राटदाराचे नव्हे, तर सरकारचे नोकर असत. त्यानंतर मृत्यूंचें प्रमाण पुष्कळच घटलें.

यावरून दोन गोष्टी ध्यानांत येतात. मोबदला आरंभाचा नसावा, फळाचा असावा. आणि तें फळ तपासणारा मनुष्य कंत्राटदाराच्या पैशावर अवलंबून नसावा. विद्यार्थिमित्रहो, तुमच्या गांवीं एखादा पूल बांधला जात असेल, तर वडील माणसांस अवश्य विचारा : याचे पैसे कशाबद्दल दिले जातात, आणि काम तपासतो कोण?