केदाराच्या वाटेवरील मुक्काम

आज अक्षय्यतृतीया. गंगोत्री व यमुनोत्री येथील मंदिरांची दारे हिवाळ्याच्या दीर्घ विरामानंतर बहुधा याच दिवशी उघडतात. केदारनाथ व बदरीनारायण यांचीही याच सुमारास. आता कितीतरी घरांतून यात्रेची बांधाबांध सुरू होईल. कोणती पूजा करावी, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. रात्री पाठ कोठे टेकावी, हे सांगणारा विरळा. पंढरीच्या वारीत वाढलेल्या आम्हां मंडळींस मात्र मुक्कामाचे मोल ठाऊक आहे. राहुट्या घेऊन पुढे जाणारी माणसे वेळेवर पोहोचली नाहीत, तर दमलेल्या दिंडीचे काय हाल होतात, हे आम्ही पाहिले आहे.

संस्कृतात पांथस्थांच्या निवासास ‘आवसथ’ म्हणतात. गढवालात पूर्वी अशा निवासांस ‘चट्टी’ म्हणत. चट्टीवाला जागेचे भाडे घेत नसे. यात्रेकरूने शिधा मात्र त्याच्याच दुकानातून घ्यावा, एवढाच संकेत असे. काळी कमलीवाले बाबा म्हणून विख्यात झालेल्या स्वामी विशुद्धानंदांनी या मार्गावर धर्मशाळांची परंपरा घालून दिली. आता मोटाररस्ते झाले, लॉज झाले, दूरध्वनीवरून खोल्या मिळू लागल्या. सोय वाढली, पर्वत मात्र तोच आहे.

२०१८ साली मी वडील भगिनीस घेऊन केदारास गेलो. देवाच्या पायांशी एक रात्र राहावे, या हट्टाने वाटेत विसावा न घेता आम्ही थेट वर चढलो. एका लॉजमध्ये खोली आधीच ठरवली होती. ती तिसऱ्या मजल्यावर, अरुंद जिन्याची निघाली. सांगितलेले ऊन पाणीही नव्हते. तेथवर सोसले. परंतु मध्यरात्री अक्कांचा श्वास लागला. केदारनाथ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५८० मीटर उंचीवर आहे. तेथील हवा विरळ असते, हे मला पुस्तकातून ठाऊक होते, आचरणात नव्हते. शेजारच्या लहानशा धर्मशाळेचा वृद्ध रखवालदार धावून आला. तो म्हणाला, “पंडितजी, आता दर्शनाचे नाव नको. आधी माताजींना खाली न्या.” डॉक्टरांनी प्राणवायू देऊन तोच सल्ला दिला. पहाटे अक्कांना डोलीतून उतरवले. गुप्तकाशीस आल्यावर त्यांस बरे वाटले. अपराध पर्वताचा नव्हे, माझ्या घाईचा होता.

म्हणून सांगतो. पहिला मुक्काम गुप्तकाशी किंवा ऊखीमठ येथे, सखल जागी करावा. तेथे एक-दोन रात्री राहून मगच वर जावे. ज्यांस दमा वा हृदयविकार आहे, त्यांनी निघण्यापूर्वी वैद्यांचा सल्ला घ्यावा. त्यांनी केदारपुरीत रात्र काढण्याचा आग्रह धरू नये.

दुसरे, जागा पारखावी. १६ व १७ जून २०१३ च्या महापुरात मंदाकिनीकाठचे रामबाडा हे गजबजलेले विश्रामस्थान वाहून गेले. नदीच्या खळाळाशेजारची खोली रम्य वाटते. परंतु पात्रालगत, ओढ्याच्या मुखाशी किंवा नुकत्याच खोदलेल्या कड्याखाली राहू नये. २०२३ च्या जानेवारीत जोशीमठात घरांना भेगा पडून कुटुंबे हलवावी लागली, हेही विसरू नये. भिंतींना ताज्या भेगा दिसल्या, तर दुसरे घर पाहावे.

तिसरे, खोली ठरवताना संकोच सोडून विचारावे: मजला कितवा? रस्त्यापासून पायऱ्या किती? रजया पुरेशा आहेत का? ऊन पाणी नळास येते की बादलीने मिळते? वीज गेल्यास काय सोय? वृद्धांसाठी शौचकूप कसे आहे? गढवाल मंडल विकास निगमची विश्रामगृहे, धर्मशाळा आणि खाजगी लॉज, या तिन्हींची चौकशी करावी. अनोळखी माणसाच्या केवळ शब्दावर सर्व रक्कम आगाऊ पाठवू नये. जवळ थोडी रोकड ठेवावी. डोंगरात दूरध्वनी मुका होतो. दरड कोसळून रस्ता अडतो, म्हणून एक-दोन दिवस हाताशी राखावेत.

अक्कांना त्या वेळी केदाराचे दर्शन घडले नाही. पुढल्या वर्षी तीन मुक्काम करीत आम्ही पुन्हा गेलो. त्या रखवालदारास अक्कांनी घरचे लाडू दिले आणि मगच त्या राउळाकडे वळल्या. आपणां सर्वांची यात्रा अशीच सुखरूप घडो, ही श्रीकेदारेश्वरचरणी प्रार्थना.