वरणाचं पाणी आणि वरण

उष्टावणाच्या दिवशी चांदीची वाटी बाहेर निघते. बाळ मामाच्या मांडीवर बसतं, सोन्याच्या अंगठीने खिरीचा थेंब जिभेवर टेकवला जातो, फोटो निघतात, पाहुणे जेवून घरी जातात. खरा प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळी उभा राहतो: आता याला रोज द्यायचं काय? पुष्कळ घरांत उत्तर ठरलेलं असतं. कुकर उघडला की वरणाचं वरचं पाणी निथळून घ्यायचं, गाळायचं आणि चमच्याने पाजायचं. ‘पचायला हलकं असतं, आणि डाळीचं सगळं सत्त्व पाण्यात उतरलेलं असतं.’

ते उतरलेलं नसतं. प्रथिनं, पिष्ट आणि लोह यांचा मोठा भाग तळाशी बसलेल्या डाळीतच राहतो, आणि ती डाळ घरातली मोठी माणसं जेवतात. बाळाच्या वाट्याला येतं ते पिवळसर, जरा चवदार पाणी.

यात काय बिघडतं हे समजायला बाळाचं पोट किती मोठं आहे ते पाहावं. वजनाच्या दर किलोमागे एका वेळी साधारण ३० मिली मावतं. सात किलोच्या बाळाच्या पोटात म्हणजे सुमारे २१० मिली, वाटीभराहून थोडंसं जास्त. आईच्या १०० मिली दुधातून ६५ ते ७० किलोकॅलरी मिळतात. वरणाच्या पाण्यातून त्याच्या आसपासही काही मिळत नाही. तरी पोट मात्र भरतं, आणि पुढच्या वेळी बाळ दूध कमी पितं. म्हणजे चांगलं अन्न बाजूला सारून त्या जागी पाणी भरल्यासारखं होतं. भाताच्या पातळ पेजेचं आणि भाज्यांच्या गाळलेल्या सूपाचंही तेच.

दूध चालू असलेल्या बाळाला सहा ते आठ महिन्यांच्या काळात वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे २०० किलोकॅलरी लागतात. नऊ ते अकरा महिन्यांत ३००, आणि वर्षानंतर ५५०. एवढं त्या लहान पोटात बसवायचं, तर अन्न घट्टच हवं. त्याची कसोटी सोपी आहे: चमचा तिरका केला की घास चमच्यावरच राहिला पाहिजे, ओघळून जाता कामा नये. तेच वरण घोटून गुरगुट्या भातात कालवलं आणि वर चमचाभर तूप सोडलं, की काम होतं. त्या चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅम तुपानेच ४५ किलोकॅलरी वाढतात. ‘तूप जड पडेल’ ही भीती मोठ्यांच्या पोटाची आहे. बाळाच्या दुधातली जवळजवळ निम्मी ऊर्जा स्निग्धातूनच येत असते, त्याला ते नवं नाही.

घट्ट करायला गेलं की खीर गोळा होते आणि घशाखाली उतरत नाही, ही तक्रार खरी आहे. त्यावरचा उपाय मात्र आपल्याच घरात होता. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, दळून केलेलं सत्त्व आजी-पणजी करत आल्या. मोड येताना धान्यात अमायलेज हे विकर तयार होतं, ते पिष्टाची लांब साखळी तोडतं, त्यामुळे पीठ जास्त घातलं तरी खीर सैल राहते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात नेमका याच गुणाचा अभ्यास केला: मोडाच्या पिठाची चिमूटभर पूड घट्ट लापशीत टाकली तरी ती सैल होते आणि बाळ जास्त खाऊ शकतं. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, ही जमेची बाजू आहेच. पण सत्त्व फार बारीक वस्त्रगाळ करताना कोंडा निघून जातो आणि त्याबरोबर खनिजांचा काही भागही. आणि नुसती नाचणी म्हणजे पूर्ण जेवण नव्हे.

आता मुहूर्ताचं. मुलाचं उष्टावण सम महिन्यात, सहाव्या किंवा आठव्या, आणि मुलीचं विषम, पाचव्या किंवा सातव्या महिन्यात, असा रिवाज बऱ्याच घरांत आहे. सोहळा कधी करायचा हा घराचा प्रश्न. पोटाला मात्र सम-विषम कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मुलगा असो वा मुलगी, एकच वय सांगितलं आहे: सहा महिने पूर्ण, म्हणजे १८० दिवस. त्याआधी फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. विदर्भातल्या मे महिन्यातही नाही, कारण आईच्या दुधात ८७ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. सहाणेवर उगाळलेली बाळगुटीही यात आली. वेखंड, जायफळ, मुरुडशेंग यांचे वळसे किती आणि सहाण किती स्वच्छ, याला मोजमाप नसतं, आणि तीन महिन्यांच्या आतड्याला त्याची गरजही नसते. दिवस पूर्ण भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचं गणित वेगळं, ते बालरोगतज्ज्ञांनी ठरवावं.

उशीर करणंही तितकंच महागात पडतं. आठव्या महिन्याच्या मुहूर्तासाठी थांबलेलं बाळ दोन महिने नेमकं जे गमावतं, ते लोह. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळ लोहाची शिदोरी बांधून घेतं, आणि ती साधारण सहा महिने पुरते. आईच्या दुधात लोह अगदी थोडं, लिटरमागे जेमतेम ०.३ मिलिग्रॅमच्या आसपास असतं. गाईच्या दुधानेही ही तूट भरून निघत नाही, उलट ते पहिल्या वर्षात भरपूर दिलं तर लोहाची कमतरता वाढते. ‘दूध पितोय ना पोटभर, मग काळजी कसली’ या समाधानाच्या मागे ही गोष्ट लपते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ६ ते ५९ महिन्यांच्या ६७.१ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. ६ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळत होता फक्त ११.३ टक्क्यांना. हे आकडे गरिबीचे आहेतच, पण केवळ गरिबीचे नाहीत. डाळ शिजते त्या घरातलं बाळही उपाशी राहतं, कारण त्याच्या वाटीत डाळ पोहोचतच नाही.

मासे आणि मटण यांतलं लोह शरीर सहज शोषून घेतं. तरी ‘अंडं गरम पडतं, वर्षाचा झाल्यावर देऊ’ म्हणून अंड्यासकट हे पदार्थ मागे ठेवले जातात. पूर्ण शिजलेलं अंडं सहा महिन्यांनंतर पिवळ्या-पांढऱ्यासकट देता येतं. कोकणात आणि गोव्यात ताटात मासा रोजचा. काटे बोटांनी चाचपून काढलेला, मऊ शिजवलेला मासा बाळालाही चालतो. फक्त मोरी नको: ती शार्कची जात, आणि मोठ्या शिकारी माशांच्या अंगात पारा साठतो. शाकाहारी घरात घट्ट डाळ, उसळीचा लगदा आणि त्यावर लिंबाचे चार थेंब. ‘क’ जीवनसत्त्वामुळे वनस्पतींमधलं लोह जास्त शोषलं जातं. चहात बुडवलेलं बिस्किट नेमकं उलटं काम करतं.

शेंगदाण्याची कथा सविस्तर सांगण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली सल्ला दिला होता की ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये. पण लंडनचे डॉक्टर गिडियन लॅक यांना एक विसंगती दिसली. ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी इस्रायलमधल्या ज्यू मुलांपेक्षा सुमारे दहापट होती. इस्रायलमधली बाळं दात येण्याच्या वयापासून ‘बाम्बा’ नावाचा शेंगदाण्याचा मऊ कुरकुरीत खाऊ खातात. मग लॅक यांच्या गटाने एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळं घेतली, वय ४ ते ११ महिने. निम्म्यांना शेंगदाणा नियमित दिला, निम्म्यांना पूर्ण टाळला. २०१५ साली निकाल आला: पाचव्या वर्षी टाळलेल्या गटात १७.२ टक्के मुलांना ॲलर्जी होती, खाणाऱ्या गटात ३.२ टक्के. २००० सालचा सल्ला त्याआधीच, २००८ मध्ये मागे घेतला गेला होता. ज्या मुलखात कुटाशिवाय कोशिंबीर होत नाही, तिथे बाळाच्या खिरीत किंवा मऊभातात अगदी बारीक वाटलेलं कूट मिसळणं अवघड नाही. बाळाला तीव्र एक्झिमा किंवा आधीची ॲलर्जी असेल, तर मात्र पहिली चव डॉक्टरांना विचारूनच द्यावी.

अख्खा दाणा ही वेगळी गोष्ट. तिथे भीती हवी, आणि आपल्याकडे ती कमी पडते. बोरन्हाणाला बाळाच्या डोक्यावरून बोरं, हरभरे, शेंगा, चुरमुरे, तिळाचा हलवा ओततात. दहा महिन्यांचं बाळ समोर पडलेली प्रत्येक वस्तू तोंडात घालतं, दाढा आलेल्या नसतात, आणि हरभऱ्याचा दाणा श्वासनलिकेत अडकायला एक क्षण पुरतो. सोहळा जरूर करावा, ओतायला फक्त चुरमुरे घ्यावेत, आणि बाळाच्या हाताजवळ एक माणूस सतत बसवावं.

मधाचंही तसंच. जन्मल्या जन्मल्या मध चाटवण्याची चाल जुनी आहे, म्हणून ती निर्धोक वाटते. मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात. बद्धकोष्ठ, क्षीण रडणं, दूध ओढता न येणं, मान टाकणं ही त्याची लक्षणं. घरगुती उकळण्याने हे बीजाणू मरत नाहीत. बारा महिने पूर्ण होईपर्यंत मध नाही, बोटभरही नाही.

मीठ आणि साखर पहिल्या वर्षात घालू नये. ‘अळणी कसं खाईल बिचारं’ हे मोठ्यांना वाटतं. बाळाने मीठ कधी चाखलेलंच नसतं. गूळही साखरच. केळं आणि दही यांनी सर्दी होत नाही, सर्दी विषाणूंनी होते.

मग बाळ पहिला घास जिभेने बाहेर ढकलतं आणि घरात निर्णय होतो: याला आवडलं नाही. ढकलणं ही बहुतेक वेळा नावडच नसते. जिभेवर आलेलं घन बाहेर लोटण्याची ती जन्मजात क्रिया आहे, आणि घास मागे नेण्याचं कसब सरावाने येतं. नवी चव मान्य व्हायला आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा समोर यावी लागते. दोनदा तोंड फिरवलं म्हणून भोपळा कायमचा बाद करू नये. मिक्सरही वेळेवर बंद व्हायला हवा. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल परिसरातल्या मुलांच्या दीर्घ अभ्यासात दिसलं, की नऊ महिन्यांनंतर पहिल्यांदा गाठीगाठीचं अन्न मिळालेली मुलं सातव्या वर्षी फळं-भाज्या कमी प्रकारच्या खात होती. काट्याने किंवा बोटांनी कुस्करलेलं पुरतं.

‘आधी कसा गुटगुटीत होता, वरचं सुरू केल्यावर वजन वाढायचं थांबलं!’ हे वाक्य ऐकून कित्येक आया रडवेल्या होतात, आणि मोबाइल समोर धरून घास कोंबणं सुरू होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात मधल्या रेषेवरच्या मुलग्याचं वजन जन्मत: ३.३ किलो, सहाव्या महिन्यात ७.९ आणि वर्षाला ९.६ असतं. मुलींचं सहाव्या महिन्यात ७.३ आणि वर्षाला ८.९. म्हणजे मुलग्याची वाढ पहिल्या सहा महिन्यांत साडेचार किलोंच्या वर, पुढच्या सहांत दोन किलोही नाही. वेग मंदावणं हाच नियम आहे. काळजी करायची ती बाळाची रेषा तक्त्यावर आडवी झाली किंवा खाली वळली तर.

रांगण्या-चालण्याचीही अशीच शर्यत लागते. याच संघटनेने भारतासह पाच देशांतल्या मुलांवर केलेल्या अभ्यासात आधाराशिवाय चालण्याचं वय ८.२ ते १७.६ महिने इतकं रुंद निघालं, आणि सुमारे ४ टक्के मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. शेजारचं बाळ अकराव्या महिन्यात चाललं, यावरून आपल्या बाळाबद्दल काही कळत नाही. अठरा महिने उलटूनही चालत नसेल, किंवा आलेलं कसब हरवत असेल, तर मात्र थांबू नये. वॉकरने मूल लवकर चालत नाही. त्यात ते बसून बोटांनी जमीन ढकलतं, तोल सांभाळायला शिकत नाही, आणि पायऱ्यांवरून कोसळतं. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदीच घातली. आपला लाकडी पांगुळगाडा निराळा: त्याला मूल उभं राहून ढकलतं. उंबऱ्यापासून लांब, कोणी लक्ष ठेवत असताना तो ठीक.

आणि दात. सहाव्या महिन्याच्या आसपास आईकडून मिळालेली प्रतिपिंडं ओसरतात, हाताला लागेल ते तोंडात जाऊ लागतं, वरचं अन्न सुरू होतं, आणि त्याच सुमाराला पहिला दातही येतो. जुलाबाचं खापर दातावर फुटतं. दात येताना लाळ गळते, हिरड्या सुजतात, चिडचिड होते. जोराचा ताप आणि जुलाब दातांनी होत नाहीत. ‘दाताचेच आहेत’ म्हणून घरात वाट पाहणं जिवावर बेतू शकतं. जुलाब सुरू होताच ओआरएस द्यावं, दूध आणि अन्न चालू ठेवावं आणि डॉक्टरांना दाखवावं.

नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लशीसाठी बाळाला केंद्रावर न्यावंच लागतं. त्या दिवशी वजन माता-बाल संरक्षण कार्डावर नोंदवून घ्या, आणि आशाताईंकडे लोहाच्या सिरपची बाटली मागा. ‘ॲनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला आठवड्यातून दोनदा एक मिली लोह-फॉलिक ॲसिड सिरप मोफत मिळतं.